आईच्या नावाने एलआयसीच्या आयपीओला अर्ज केला तो अनुभव

आईने आयुष्यात शेअर घेतला नव्हता, पण २०२२ ला एलआयसीच्या आयपीओत, म्हणजे कंपनीचे शेअर पहिल्यांदाच लोकांना विकायला काढतात त्यात, पॉलिसीवाल्यांना वेगळा कोटा आहे म्हटल्यावर तीच मागे लागली, माझा पण भर.

अट अशी की पॉलिसीला पॅन २८ फेब्रुवारीपर्यंत जोडलेलं हवं आणि डीमॅट, म्हणजे शेअर ठेवायचं खातं, तिच्या स्वतःच्या नावाचं, माझ्या खात्यातून चालणार नव्हतं. पॅन लगेच जोडलं गेलं, डीमॅटने मात्र रडवलं, कारण आधारवर नावापुढे बाई आणि पॅनवर नुसतं नाव, त्यामुळे केवायसी दोनदा परत आलं, शेवटी आधार दुरुस्त करून घेतलं तेव्हा कुठे खातं उघडलं.

४ ते ९ मे इश्यू उघडा होता, भाव ९०२ ते ९४९, लॉट १५ चा, म्हणजे कमीत कमी १५ शेअर मागायचे. पॉलिसीवाल्यांना ६० रुपये सूट, म्हणजे कट-ऑफला, ठरेल तो भाव मान्य म्हणून वरच्या भावाने धरून, १३,३३५ रुपये. पैशांना मंजुरी द्यायची यूपीआयची रिक्वेस्ट रविवारी संध्याकाळपर्यंत आलीच नाही, मी दर दहा मिनिटांनी तिचा फोन बघतोय, रात्री आली एकदाची. मग आई घाबरली की पैसे गेले, तिला समजावलं की कापलेले नाहीत, खात्यातच अडकवून ठेवलेत, शेअर लागले तरच जातील.

तेव्हा तिने विचारलं, आपल्या पैशांचं एलआयसी काय करणार? मला खरंच माहीत नव्हतं. रात्री ऑफर डॉक्युमेंट उघडून बसलो तर कळलं की हा सगळा इश्यू ऑफर फॉर सेल आहे, नवीन शेअर एकही निघत नाही, सरकार स्वतःकडचा साडेतीन टक्के हिस्सा विकतंय आणि ते जवळपास २१ हजार कोटी सरकारकडे जाणार, कंपनीला एक रुपया नाही. फ्रेश इश्यू असता तर पैसा कंपनीच्या धंद्यात गेला असता. हे मी अर्ज करायच्या आधी वाचायला हवं होतं, अजून वाटतं.

१५ शेअर लागले. १७ मे ला बीएसईवर, म्हणजे मुंबई शेअर बाजारात, शेअर ८६७ ला उघडला, सूट धरूनही तिला ८८९ ला पडलेला. मला फार वाईट वाटलं, मीच भरला होता ना. आई म्हणाली, कंपनी कालचीच आहे ना, मग राहू दे.

त्याच वर्षी शेअरमागे दीड रुपया डिव्हिडंड, म्हणजे नफ्यातला वाटा, आला. तिने पासबुक भरून आणलं आणि साडेबावीस रुपयांची ओळ मला बोट ठेवून दाखवली.