एकविसाव्या पानावरचा शिक्का

12 ऑगस्टला सकाळी अल्बम द्यायचा होता. 10 तारखेला, शनिवारी संध्याकाळी, त्याची पाच पानं माझ्या टेबलावर ओली जांभळी होऊन पडली होती.

ही 2024 सालची गोष्ट. सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर माझी एक खोली आहे. तिथे मी कागदाचं काम करते. कार्डं, घडीच्या वह्या, आठवणींचे अल्बम. रबरी शिक्के, रंग, जुने कागद, कापड, दोरा असं सगळं एकाच पानावर आणायचं. या कामाला आता सगळे मिक्स्ड मीडियाच म्हणतात, मीही म्हणते. फुलापानांचे, पक्ष्यांचे, अक्षरांचे दोन-अडीचशे शिक्के माझ्याकडे आहेत. पण जुलैच्या अखेरीस एक ताई स्टीलच्या डब्यातून जे सहा शिक्के घेऊन आल्या, तसे माझ्या हातात कधी आले नव्हते.

ताईंच्या आईने सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या एका गावात, 31 वर्षं वाचनालय चालवलं होतं. ‘ड’ वर्गाचं वाचनालय, म्हणजे अनुदानाच्या उतरंडीतली शेवटची पायरी. एक खोली, आठ कपाटं, एक ग्रंथपाल. ऑगस्ट 2019च्या पुरात ती खोली बुडाली. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट आहे, आणि त्या वेळी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. वाचनालयाची पुस्तकं गेली, कपाटं फुगून उकलली. शिक्के तेवढे वाचले, कारण ताईंच्या आई, म्हणजे काकू, ते रोज संध्याकाळी कुलूप लावून झाल्यावर पिशवीत घालून घरी न्यायच्या आणि माळ्यावरच्या डब्यात ठेवायच्या.

12 ऑगस्ट हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या स्मरणार्थ ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी आईला, तिला काही कळू न देता, या शिक्क्यांचा अल्बम द्यायचा असं ताईंनी ठरवलं होतं. काकू आता त्यांच्याकडेच, कोथरूडला राहतात.

शिक्के एकेक करून पाहिले. सगळ्यात जुना गोल. वाचनालयाचं नाव कडेने, मध्ये गावाचं नाव. तो जुन्या पद्धतीने केलेला होता: छपाईचे खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवायचे, त्यांचा उष्णतेखाली साचा घ्यायचा आणि त्या साच्यात कच्चं रबर दाबून तापवायचं. म्हणून त्यावरची अक्षरं छापखान्याची होती. ‘वाचनालय’मधला ल पाकळीचा, दोन पाकळ्या भरदार आणि गोल. बाकीच्यांत एक चौकोनी, ‘दाखल क्र., वर्ग, दिनांक’ असा, पुढे भरायला ठिपक्यांच्या रेघा. एक ‘संदर्भग्रंथ, बाहेर नेऊ नये’. एक ‘पुस्तकावर रेघा मारू नयेत’. एक तारखेचा, पट्ट्या फिरवायचा. आणि शेवटचा नवा, लेसरने कापलेला, दोनच अक्षरांचा: ‘बाद’. कुठल्यातरी संगणकी टंकातला, काटकोनी. त्याचं रबर अजून कोवळं होतं.

‘बाद’ मी बाजूला ठेवला. ताई म्हणाल्या, “तो नको लावायला. आईला त्रास होईल.”

पहिले दोन दिवस नुसते शिक्के साफ करण्यात गेले. जुन्या रबरावर शाईचे थर सुकून खाचा बुजलेल्या असतात. कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, मऊ टूथब्रश. शिक्का पाण्यात बुडवायचा नाही, रबर आणि लाकूड यांच्यामधला डिंक सुटतो. हवेने रबर वर्षानुवर्षं कडक होत जातं, पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत होतो आणि शाई त्यावर थेंबाथेंबाने गोळा होते. त्याला बारीक पॉलिश पेपर अगदी हलका, एकदोनदाच फिरवायचा, मग ग्लिसरीनचं बोट. गोल शिक्क्याला एका बाजूला चीर गेली होती. ती मी तशीच राहू दिली. तारखेच्या शिक्क्यातल्या पट्ट्या एकमेकींना चिकटल्या होत्या, त्या हळूहळू फिरवून सोडवल्या. वर्षांची पट्टी 2022ला संपत होती.

कागद शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून आणला. 1940 पासून ती संस्था सुती चिंध्यांपासून कागद करते, आणि चिंधीच्या कागदाला लांब धागा असल्यामुळे तो पाणी, रंग, खरवड असं बरंच सोसतो. घडीची वही केली, चोवीस पानांची. पानांवर पातळ जेसो, म्हणजे रंगाखालचा पांढरा लेप, त्यावर चहाच्या रंगाचा हात, जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या, कपाटाच्या जाळीसारखी स्टेन्सिलची नक्षी. या सगळ्यावर शिक्के.

इथे मी चुकले.

ताईंना शाई तीच हवी होती, वाचनालयातली जांभळी. मी स्टेशनरीच्या दुकानातून साधं जांभळं पॅड आणलं. पानांवर शिक्के फार सुंदर उठले, चहाच्या रंगावर ती जांभळी शाई एकदम ओळखीची दिसली. त्यावर काकूंच्या हस्ताक्षरातल्या जुन्या यादीची ट्रेसिंग पेपरवरची प्रत चिकटवायची होती, म्हणून मॅट मिडियमचा, म्हणजे न चमकणाऱ्या ॲक्रिलिक चिकटाचा, ब्रश फिरवला. मिडियम पाण्याचं असतं. पॅडची शाईही पाण्याची, त्यात ग्लिसरीनसारखं काहीतरी असतं म्हणून पॅड महिनोन्‌महिने ओलं राहतं. तो रंग कागदावर कितीही वाळला तरी पाणी लागलं की पुन्हा सुटतो. बघता बघता गोल शिक्क्याची कड पसरली, अक्षरं एकमेकांत मिसळली, आणि घडीतून रंग शेजारच्या पानावर उतरला. पाच पानं.

मी शिकवणीत पहिल्या दिवशी हेच सांगते. शिक्का मारा, वाळू द्या, ओलं बोट फिरवून बघा, मगच वर काही लावा. रंग विरघळलेली शाई कागदात मुरते आणि पाण्याने फुटते. पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची शाई दाट असते, वर बसून राहते, पण सावकाश वाळते, आणि ऑगस्टच्या पुण्यात तर दोन-दोन दिवस वाळत नाही. कायम टिकणारी शाई वेगळीच, वाळली की पाण्याला दाद देत नाही. हे सगळं मला पाठ होतं, आणि शिक्के इतके चांगले उठलेले पाहून मी ओलं बोट फिरवायचं विसरले. पान टिपलं, गरम हवेची हीट गन फिरवली, स्पिरिट लावून पाहिलं. जांभळा आणखी फिका आणि आणखी रुंद झाला.

रात्री नऊला ताईंना फोन केला आणि जे झालं ते सांगितलं. त्या गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “उद्या येते.” आमचं बोलणं ताईंच्या घरात शेजारच्या खोलीत ऐकू गेलं होतं हे मला तेव्हा कळलं नाही.

रविवारी सकाळी साडेदहाला दार वाजलं. ताई पुढे, मागे कठड्याला धरून जिना चढणाऱ्या काकू. पंचाहत्तरीच्या पुढच्या, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. आत आल्या, खुर्चीवर बसून श्वास घेतला आणि म्हणाल्या, “माझे शिक्के कुठायत?”

मी डबा समोर ठेवला. त्यांनी एकेक उचलून रबर बघितलं, गोल शिक्क्यावरून अंगठा फिरवला. “स्वच्छ केलेस. पॉलिश पेपर मारलास ना? हं. जास्त मारायचा नाही.”

मग त्यांनी अल्बम ओढून घेतला. मी बोलायला सुरुवात केली, माफी मागत होते, त्यांनी हातानेच थांबवलं. बिघडलेली पाच पानं त्यांनी बराच वेळ पाहिली. ताई खिडकीपाशी उभ्या होत्या.

“एकोणीस साली पाणी उतरल्यावर आम्ही आत गेलो,” काकू म्हणाल्या. “चिखल गुडघ्याएवढा. जी पुस्तकं उघडली त्यातली छापलेली अक्षरं जागेवर होती. छापखान्याची शाई तेलाची, ती कुठं जाते? माझे शिक्के मात्र सगळे फुटले होते. अगदी अस्से. हे पान ठेव.”

“पाचही?”

“पाच कशाला? हे एक. बाकीची चार नवी कर.”

त्यांनी निवडलेलं पान सर्वांत जास्त पसरलेलं होतं. गावाच्या नावाचं एकही अक्षर त्यावर वाचता येत नव्हतं.

मग त्यांनी डबा पुन्हा चाचपला. “बाद कुठाय?”

मी ताईंकडे पाहिलं. ताई म्हणाल्या, “आई, मीच नको म्हटलं होतं.”

“का नको? पुस्तक बाद करायचं तर त्याची यादी होते, मंजुरी होते, मग शिक्का मारायचा. ती त्या पुस्तकाची रीत आहे. त्या पुस्तकांना ते पण मिळालं नाही. नुसता लगदा झाला, ट्रॉलीत भरून नेला.” आवाज चढला नव्हता. “त्या पानावर बाद मार. एकदाच.”

मी मारला. काळ्या, न फुटणाऱ्या शाईने, जांभळ्या डागाच्या मधोमध.

उरलेल्या चार पानांना नवा कागद जोडायचा होता. कायम टिकणाऱ्या जांभळ्या शाईची बाटली माझ्याकडे होती, ती कोऱ्या पॅडवर ओतली. वाट बघायला नको म्हणून एका तुकड्यावर दुसराही उपाय करून दाखवला: पिगमेंटची शाई, त्यावर पारदर्शक एम्बॉसिंग पावडर, वरून हीट गन. पावडर वितळून शाई झाकते आणि अक्षरं उठून येतात. मला हा प्रकार मनापासून आवडतो, लग्नपत्रिकांवर तर फारच. काकूंनी त्यावरून नख फिरवलं. “चमकतंय. वाचनालयाचा शिक्का चमकत नाही.” तो तुकडा बाजूला गेला.

मी गुण्या लावून, पेन्सिलने खूण करून पहिला शिक्का मारला. काकूंनी मान हलवली.

“सरक.”

त्यांनी आधी वर्तमानपत्र मागितलं, आठ घड्या घातल्या आणि पानाखाली सरकवलं. कडक रबराला खाली थोडं मऊ लागतं, म्हणजे कड आणि मध्य सारखे उठतात. मी त्यासाठी फोमची चटई वापरते. तिच्यापेक्षा हे वर्तमानपत्र चांगलं आहे हे मला त्याच क्षणी दिसलं, कारण चिरेपाशी त्यांनी एक घडी जास्त दिली होती. पॅडवर शिक्का त्यांनी दाबला नाही. दोनदा नुसता टेकवला, दुसऱ्या वेळी थोडा फिरवून. नवं पॅड जास्त ओलं म्हणून पहिला ठसा रद्दीवर. मग कागदावर, वरून सरळ खाली, आणि उचलण्याआधी क्षणभर थांबल्या. डाव्या हाताने टीपकागद आधीच पुढे आलेला होता.

ठसा स्वच्छ होता आणि डावीकडे किंचित कललेला. दुसराही तसाच, तितकाच. ताईंनी फोनवर एक फोटो काढून दाखवला. पुराच्या वेळी वाचकांच्या घरी असलेली वाचनालयाची बारा-तेरा पुस्तकं नंतर परत आली होती, त्यांतल्या एकाचं पहिलं पान. त्याच बाजूला, तेवढाच कल.

“पुस्तकांचा ढीग उजवीकडं असायचा,” काकू म्हणाल्या. “कोपर उचलायचं नाही. उचललं की शंभर पुस्तकांनी खांदा जातो.”

मी तोवर जितके शिक्के मारले होते ते सगळे गुण्यात होते, आणि त्यांपैकी एकही त्या वाचनालयाचा वाटत नव्हता. मी ताईंना विचारलं, आधीची पानंही बदलूया का? दुपारी दोनपर्यंत आम्ही तिघींनी मिळून सगळी वही पुन्हा केली. ताई कागद कापत होत्या, मी चिकटवत होते, पानागणिक हीट गनने ओल काढत होते, बाहेर पाऊस थांबायला तयार नव्हता. शिक्के सगळे काकूंनी मारले. या वेळी प्रत्येकावर वाळल्यानंतर मी ओलं बोट फिरवलं. एकही फुटला नाही.

शेवटी त्यांनी विचारलं, “पानं किती?”

“चोवीस.”

त्यांनी बोटाने मोजत एकविसावं पान काढलं. तिथे मी नुसता चहाचा रंग दिला होता, बाकी काही नाही.

“हे गुप्त पान. प्रत्येक वाचनालयाचं ठरलेलं असतं, आमचं एकवीस. चोरणारा शिक्क्याचं पहिलं पान फाडतो, त्याला वाटतं झालं. आत एकविसाव्यावर दुसरा असतो ते त्याला माहीत नसतं.” ताईंनाही हे माहीत नव्हतं, 31 वर्षांत घरी कधी बोलल्या नव्हत्या.

एकविसाव्या पानावर त्यांनी गोल शिक्का मारला, त्याच्या खाली चौकोनी. पिशवीतून पेन काढलं. वर्ग: संकीर्ण. दिनांक: तारखेच्या शिक्क्यात हे वर्ष नव्हतं, म्हणून हाताने, 11/8/2024. दाखल क्रमांकाच्या ठिपक्यांवर पेन टेकलं आणि उचललं गेलं. ती रेघ त्यांनी कोरीच ठेवली.

“क्रमांक, काकू?”

“दाखल रजिस्टर पाण्यात गेलं ना. शेवटचा आकडा कुठला होता ते त्यात होतं.” त्यांनी पानावर टीपकागद ठेवला आणि तळहाताने दाबला. “मनाने नसतो घालायचा.”