चारच तारा?

सकाळी कोथरूडला पार्सलं वाटली, दुपारी मंडपवाल्याच्या केबल गुंडाळल्या आणि संध्याकाळी हडपसरला रिसेप्शनमध्ये बेस गिटार वाजवली. तिथे नवऱ्याकडचे एक काका म्हणाले, "चारच तारा? बाकीच्या तुटल्या का रे?" म्हटलं, काका, एवढ्यात भागतं!

सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे अगदी खालचा सूर. मोबाइलच्या स्पीकरवर ती जवळजवळ ऐकूच येत नाही, त्यामुळे लोकांच्या व्हिडिओत मी नुसता मान हलवताना दिसतो. पण ड्रमरच्या किकवर (पायानं वाजवतो तो मोठा ड्रम) माझा सूर बरोब्बर बसला, की पहिल्या रांगेतल्या मावशी पायानं ठेका धरतात. का, ते त्यांना माहीत नसतं. मला असतं.

पैसे 'पुढच्या आठवड्यात'. (हो, हो.)

सेकंडहँड बेस अँप्लिफायर कुणी विकतंय का? हप्त्यानं देईन.