तुम्ही विचारलंत म्हणून: बेळगावात घर खरंच स्वस्त पडतं का?

पुण्याहून कुणी आलं की चहा संपायच्या आत हा प्रश्न येतोच. मावसभाऊ असो की जुन्या ऑफिसातलं कुणी, अंगणात उभं राहून एकदा वरपासून खालपर्यंत घर बघतात, मग विचारतात, "केवढ्याला पडलं गं?" आकडा सांगितला की तोंडाचा चंबू. "एवढ्यात आमच्याकडे काय येतंय! आम्ही पण यावं काय इकडे?"

तर माझेच आकडे सांगते. कोथरूडात टूबीएचकेला २६ हजार भाडं, मेंटेनन्स वेगळा, आणि किचन असं की फ्रीजचं दार उघडायचं तर दुसऱ्याने पॅसेजमधे जाऊन थांबायचं. २०२१ मधे ऑफिसने कायमचं घरून काम करा म्हटलं आणि आम्ही इकडे आलो, टिळकवाडीत ११ हजारात तेवढंच घर मिळालं, वर मागे कढीपत्त्याचं झाड. मग अनगोळच्या बाजूला थर्टी फोर्टी प्लॉट घेतला, म्हणजे तीस बाय चाळीस, १२०० स्क्वेअर फूट, गुंठ्यापेक्षा थोडा जास्तच, आणि घर बांधलं. प्लॉट, बांधकाम, बोअर, कंपाउंड सगळं धरून ५८ लाख. हे ऐकलं की पुणेकर मनातल्या मनात आपला फ्लॅट विकायला काढतात.

पण त्यांना पुढचं पण ऐकवते. नवरा भोसरीत व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर होता, ४८ हजार मिळायचे. इथे उद्यमबागमधे त्याच कामाला, तसल्याच मशीनवर, २७ हजार. आम्ही कर्ज काढलं ४० लाखांचं. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी हप्ता बसतो ३४,७०० च्या आसपास. म्हणजे नवऱ्याचा अख्खा पगार बँकेत नेऊन ओतला तरी वर साडेसात हजार कमीच. हे घर उभं आहे ते माझ्या पुण्याच्या पगारावर, तो बंद झाला तर बेळगाव आम्हाला कोथरूडपेक्षा महाग आहे, आणि ही गोष्ट मी सासूबाईंसमोर बोलत नाही.

आमच्या गल्लीत बघा ना, कोण घर बांधतंय? मिलिटरीतून रिटायर होऊन फंड घेऊन आलेले, गोव्यात धंदा करणारे, बेंगळूरला आयटीत असलेली पोरं, आणि माझ्यासारखे. ज्याने आमचं घर बांधलं तो गवंडी खानापूरहून रोज बसने यायचा. स्लॅबच्या दिवशी पेढे वाटताना मी सहज विचारलं, मामा तुम्ही इकडे का नाही घेत जागा, तर पेढा तोंडात टाकून म्हणाले, "तुम्ही आलासा की, मग रेट वाढला की." मी गप्प बसले, काय बोलणार.

आता कागद. पहिला प्लॉट आम्हाला निम्म्या किमतीत मिळत होता, शहरापासून जरा लांब, एजंट गोड बोलणारा, "ताई, सगळे असंच घेतात." पन्नास हजार विसार देऊन बसलो. उतारा कन्नडमधे, मी मराठी शाळेतली, दुकानांच्या पाट्यांपुरतं वाचता येतं. वकिलाला दाखवला तेव्हा कळलं की जमीन एनए, म्हणजे बिगरशेती, झालेलीच नाही, एकाच सर्व्हे नंबरात तुकडे पाडून बाँड पेपरवर विकत होते. त्याची रजिस्ट्री नाही, ई-खाता, म्हणजे मालमत्तेची सरकारी ऑनलाइन नोंद, नाही, बँक तर दारात उभी करत नाही. ते पन्नास हजार गेले ते गेलेच. स्वस्त म्हणून जे सांगतात त्यातलं बरंच हे असलं असतं.

आणि सरकारी खर्चात इकडे स्वस्ताई वगैरे काही नाही हो. कर्नाटकात स्टँप ड्युटी सेस धरून साडेपाच टक्क्यांच्या थोडी वर, आणि २०२५ च्या ऑगस्टअखेर नोंदणी फी १ ची २ टक्के केली. पुण्यात ड्युटी ७ टक्के पण नोंदणीला ३० हजारांची मर्यादा. साठ लाखांवर हिशोब करून बघा, दोन्हीकडे साडेचार लाखांच्या आसपासच जातात.

ज्यांना नक्की ठरत नाही त्यांना मी सांगते, आधी लीजवर राहा. पुणेकरांना हे माहीतच नसतं. मालकाला एकदम पाचसात लाख द्यायचे, दोनतीन वर्षं भाडं नाही, सोडताना पूर्ण पैसे परत. फक्त करार नीट रजिस्टर करा आणि मालकावर आधीचं कर्ज आहे का ते बघा, नाहीतर परत द्यायच्या वेळी तो तुम्हालाच सांगतो, नवीन पार्टी आणा मग देतो.

मावसभावाने परवा फोन केला, वडगावच्या बाजूला प्लॉट बघितलाय म्हणे, व्हिडिओ पण पाठवला, मार्चमधला, कडक ऊन, तांबडी माती, चुन्याच्या पांढऱ्या रेघा. छान दिसत होतं. मी विचारलं, बळ्ळारी नाला किती लांब? त्याला नाल्याचं नावच माहीत नाही. अरे, ती सगळी भाताची शेतं होती, बासमतीची, पाणी धरून ठेवतात म्हणून तर तिथे भात पिकायचा. म्हटलं विसार देऊ नको, जुलैत ये, मुक्कामाला ये, आणि गमबूट घेऊन ये.