दीड फूट वळचण

आमच्या दादरच्या ऑफिसात शिरलं की समोरच्या कपाटात एक पितळी ट्रॉफी दिसते. नवा क्लायंट चहा येईपर्यंत तिच्याकडे बघत बसतो. प्रादेशिक वास्तुशैलीतल्या उत्कृष्ट घरासाठी ती मिळाली, असं तिच्यावर कोरलंय. ते घर पहिल्याच पावसात भिजलं, हे मात्र कुठे कोरलेलं नाही. ते इथे लिहितो.

2004 साली मी आणि माझी बायको, दोघंही आर्किटेक्ट, नोकऱ्या सोडून मावशीच्या तळमजल्यावरच्या खोलीत बसायला लागलो. पहिली सहा-सात वर्षं पोट भरलं ते सोसायट्यांच्या दुरुस्त्यांवर. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, गळके पाइप, आणि रात्री अकरापर्यंत चालणाऱ्या जनरल बॉडी मीटिंगा. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एवढंच, की पाणी कुठून शिरतं ते आपल्याला कळतं, असा आमचा समज तिथे पक्का झाला.

मग एक काका-काकू आले. काका बँकेतून निवृत्त झालेले. गिरगावातली खोली विकून देवगडकडच्या वडिलोपार्जित जागेत घर बांधायचं होतं. मुंबईत राहून गावाकडचं काम मिळणं म्हणजे आमच्यासारख्यांची चैनच. स्लॅब नको, कौलारू हवं, पडवी हवी, माजघर हवं असं काकू म्हणाल्या आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो.

जांभ्याचा चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, सहज तासता येतो. हवा लागली की कडक होत जातो. आम्हाला त्या भिंती उघड्याच ठेवायच्या होत्या, वर गिलावा नाही. सकाळच्या उन्हात तो तांबडा रंग काय दिसतो! पण छपराची वळचण तीन फूट बाहेर काढली की नकाशात घराने टोपी भुवयांपर्यंत ओढल्यासारखं वाटायचं. निम्मी भिंत सावलीतच. आम्ही वळचण दीड फुटावर आणली.

गावचे सुतारकाका नकाशा उलटा-सुलटा करून म्हणाले, "सायबानू, वळचण आखूड पडतली. झडीक भिंत भिजतली."

आम्ही ऐकलं नाही. आमचीही एक बाजू आहे, ती सांगतो. हेच सुतारकाका आठवडाभर आमच्या मागे लागले होते की कौलं नकोतच, सरळ स्लॅब घाला. माकडं येतात, कौलं फोडतात. दरवर्षी पावसाआधी घर शाकारायचं तर गावात माणूस मिळत नाही, सगळे मुंबईला. त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. पण या माणसाला कौलारू घराची गोडीच नाही, असं आम्ही ठरवून टाकलं आणि त्यांचं वळचणीचं बोलणंही त्याच खात्यात जमा केलं.

घर एप्रिलमध्ये पुरं झालं. मेमध्ये फोटोग्राफर नेला. त्याचं बिल आमच्या त्या कामाच्या फीच्या चौथ्या हिश्शाएवढं झालं. जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रवेशिका पाठवली: बारा फोटो, दोन नकाशे, तीनशे शब्द. एका मोठ्या हॉटेलच्या हॉलमध्ये समारंभ झाला. एक परीक्षक भाषणात म्हणाले, हे मंगलोरी कौलांचं छप्पर म्हणजे अस्सल इथल्या मातीतलं. माझ्या बायकोने मला कोपराने ढोसलं. मंगलोरी कौलांचा कारखाना 1860 च्या दशकात बासेल मिशन या परदेशी ख्रिस्ती मिशनच्या लोकांनी काढला. त्याआधी आपल्याकडे नळीची कौलं, नाहीतर गवत. पण ट्रॉफी हातात असताना कोण बोलतंय.

समारंभ झाला ऑगस्टमध्ये. काकूंचा फोन त्याआधीच, जुलैत येऊन गेला होता. "भिंत आतून घाम येतो तशी ओली आहे," त्या म्हणाल्या. आम्ही म्हटलं, नवी भिंत आहे, वाळेल. सप्टेंबरात गेलो. पश्चिमेच्या भिंतीवर जमिनीपासून छातीपर्यंत काळी बुरशी. आत माजघरात चुन्याचा रंग पापुद्र्यांनी सुटलेला, बोट लावलं की पीठ खाली. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो सरळ पडत नाही, समुद्राकडून तिरका मारतो. वळचणीच्या पागोळ्या भिंतीपासून दीड फुटावर पडायच्या, तिथून उडून भिंतीच्या पायाला लागायच्या. आणि काकूंनी? त्यांनी बाहेरून वाशांना सुतळीने निळं प्लास्टिक बांधलं होतं. आमची ती उघडी तांबडी भिंत चार महिने निळी होती.

ते प्लास्टिक बघून मला नवी मुंबईतलं बेलापूर आठवलं. आर्किटेक्ट चार्ल्स कोरिआंनी 1980 च्या दशकात तिथे घरं बांधली, आठ-आठ मीटरच्या चौकाभोवती सात-सात. शेजाऱ्याशी भिंत सामाईक ठेवली नाही, म्हणजे ज्याला जसं वाढवायचं तसं वाढवता यावं. विद्यार्थी असताना आम्ही तिथे जाऊन, लोकांनी मूळ घरं बिघडवली म्हणून हळहळलो होतो.

पुढच्या एप्रिलात जुन्या वाशांच्या बाजूने नवे तुकडे बोल्टने जोडले, वळचण तीन फुटांवर नेली. जोडावर उतार थोडा मोडला, लांबून दिसतो. सुतारकाका एक शब्द बोलले नाहीत, फक्त चहा दोनदा मागितला. खर्च आमच्या खिशातून: एक लाख दहा हजार. त्यानंतर भिंत भिजलेली नाही. त्या रूपात घराचा फोटो कुठे छापूनही आलेला नाही.

वास्तुकलेच्या आंतरराष्ट्रीय आगाखान पुरस्कारात इमारत किमान वर्षभर वापरात असावी लागते, आणि निवडक कामं तज्ज्ञ जागेवर जाऊन तपासतात. बक्षिसात कारागीर, ठेकेदार, घरमालक यांचीही नावं येऊ शकतात. इंदूरच्या अरण्य या गरिबांसाठीच्या घरांच्या वसाहतीला तो 1995 मध्ये मिळाला. आपल्याकडच्या छोट्या पुरस्कारांना तेवढा पैसा नाही, हे मान्य. पण एक पावसाळा थांबायला पैसा लागत नाही. मागे एका छोट्या स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावलं, तेव्हा मी प्रत्येक प्रवेशिकेत पावसात काढलेला एक फोटो मागा, असं सुचवलं. आयोजक म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. नंतर मला परत बोलावणं आलं नाही.

आमच्या ऑफिसची इमारत जुनी, आर्ट डेको या पाश्चात्त्य धाटणीची आहे. शिवाजी पार्काभोवती तशा बऱ्याच आहेत. मुंबईतल्या ओव्हल मैदानाभोवतीच्या गॉथिक आणि डेको इमारती 2018 मध्ये जागतिक वारसा झाल्या, तेव्हापासून आमचे सोसायटीवाले जरा ताठ चालतात. ही धाटणी बाहेरून आलेली, पण खिडक्यांवरून लांबलचक धावणारे ते छज्जे इथल्या पावसात आणि उन्हात रुजले. आमच्या टेबलाला छज्ज्यामुळे जुलैतही खिडकी उघडी ठेवता येते. इतकी वर्षं त्या खिडकीशी बसून आम्ही दीड फूट काढलं होतं.

ट्रॉफीमुळे कामं आली, खोटं का बोला. त्यातली निम्मी रिसॉर्टची, ‘तसंच कोकणी’ पण एसीवालं. दोन घेतली. आता प्रवेशिका भरायची तर तीन पावसाळे झाल्यावरच, असं आम्ही दोघांनी ठरवलंय. त्यामुळे यादीत सध्या एकच घर आहे.

मागच्या दिवाळीत देवगडला गेलो होतो. सुतारकाकांनी स्वतःचं नवं घर बांधलंय. चिऱ्याच्या भिंती, वर स्लॅब, आणि स्लॅब गळू नये म्हणून त्यावर लोखंडी सांगाडा करून निळा पत्रा. आम्ही अंगणात उभे होतो. ते आत चहा सांगायला गेले, तेवढ्यात मी खिशातला टेप काढून पत्रा भिंतीच्या किती बाहेर आलाय ते मोजलं. तीन फूट दोन इंच.