एक मेलबॉक्स, दोन खाती

आमच्या सेवेच्या एका ग्राहकाची तक्रार एका ओळीची होती: फोनवर माझी सगळी कागदपत्रं दिसतात, कॉम्प्युटरवर तेच खातं रिकामं. सोमवारची सकाळ. शनिवारी रात्री आम्ही डेटाबेस मायएसक्यूएलवरून पोस्टग्रेसवर, म्हणजे एका डेटाबेस सॉफ्टवेअरवरून दुसऱ्यावर, हलवला होता, त्यामुळे पहिला संशय अर्धवट कॉपी झालेल्या टेबलवर गेला. रो, म्हणजे टेबलमधल्या ओळी, मोजल्या, जुळल्या. कॅशे, म्हणजे पटकन देण्यासाठी ठेवलेल्या प्रती, रिकामा केला, फरक शून्य.

तक्रारीतला ईमेल पत्ता कॉपी करून डेटाबेसमध्ये शोधला, तर एकच रो आली. इथेच आमचा वेळ गेला, कारण एक रो म्हणजे एक खातं असं धरून आम्ही भलतीकडेच शोधत बसलो. उत्तर लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, होतं. फोनवरच्या लॉगिनचा युजर आयडी वेगळा, कॉम्प्युटरवरचा वेगळा. मग तोच शोध दोन्ही बाजूंना लोअर फंक्शन (सगळी अक्षरं स्मॉल करणारं) लावून चालवला आणि दोन रो समोर आल्या. एकीत पत्त्याचं पहिलं अक्षर कॅपिटल एम, दुसरीत स्मॉल एम. (देवनागरीत हा फरक लिहून दाखवायची सोय नाही, आपल्या लिपीला ही भानगडच ठाऊक नाही.) मशीनच्या लेखी कॅपिटल एम म्हणजे ७७ आणि स्मॉल एम म्हणजे १०९. आस्कीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांना आकडे देणाऱ्या तक्त्यात, अशा प्रत्येक जोडीत ३२चा फरक असतो, म्हणजे एकाच बिटाचा.

मायएसक्यूएलचं मूळचं कोलेशन, म्हणजे अक्षरं ताडण्याचा नियम, ज्याच्या नावाच्या शेवटी ‘सीआय’ (केस-इनसेन्सिटिव्ह) असतं, कॅपिटल-स्मॉल असा भेद करत नाही. एकच पत्ता दोनदा येऊ न देणारा युनिक इंडेक्सही तिथे हाच नियम पाळतो. त्यामुळे इतकी वर्षं कुणी कसाही पत्ता टाइप केला तरी खपून गेलं. पोस्टग्रेसचा साधा टेक्स्ट कॉलम मात्र अक्षर न् अक्षर ताडून बघतो. रविवारी या ग्राहकाने कॉम्प्युटरवर स्मॉलमध्ये पत्ता टाकला, ‘असं खातं नाही’ हे उत्तर आलं, आणि त्याने नवीन नोंदणी केली. सवयीने पासवर्डही तोच ठेवला. पडताळणीचा मेल त्याच्याच इनबॉक्समध्ये पडला, कारण मेल सर्व्हरच्या दृष्टीने दोन्ही पत्ते एकच. कुठेही एरर आली नाही. एरर आली असती तर शोधाशोध दहा मिनिटांत आटोपली असती.

फोनवर कॅपिटल कुठून आलं? आमच्या लॉगिनच्या चौकटीत ईमेल किंवा युजरनेम, दोन्हीपैकी काहीही चालतं. म्हणून तिचा प्रकार ‘ईमेल’ न ठेवता साधा ‘टेक्स्ट’ ठेवला होता, आणि फोनच्या कीबोर्डला वाटतं की इथे वाक्य सुरू होतंय. पहिलं अक्षर तो आपणहून मोठं करतो. सुचवलेला शब्द निवडला तर शेवटी एक स्पेसही चिकटवतो, आणि ती डोळ्यांना दिसतही नाही.

दुपारी वाद रंगला तो दुरुस्तीवर. एकाचं म्हणणं, सगळा कॉलम स्मॉल करून टाका आणि मोकळे व्हा. मला ते पटलं नाही. @ नंतरचा भाग डोमेनचा, तिथे डीएनएसच्या (इंटरनेटवरच्या नावांच्या यंत्रणेच्या) नियमाप्रमाणे कॅपिटल-स्मॉल एकच. पण @ च्या आधीचा भाग ज्या सर्व्हरवर मेलबॉक्स आहे त्याच्या मालकीचा. आरएफसी ५३२१, म्हणजे एसएमटीपीचं (मेल पाठवण्याच्या पद्धतीचं) २००८ सालचं मानक, सांगतं की तो भाग केस-सेन्सिटिव्ह, म्हणजे कॅपिटल-स्मॉल वेगळं धरणारा, मानायचा, वाटेतल्या कुणी तो बदलायचा नाही. तेच मानक पुढे असंही म्हणतं की या भेदावर विसंबून मेलबॉक्स बनवू नका. प्रत्यक्षात जीमेलसकट मोठ्या सेवा हा भेद करतच नाहीत. तरी एखाद्या जुन्या सर्व्हरने केलाच, तर आपण बदललेल्या पत्त्यावर मेल पोचणार नाही. म्हणून ठरलं ते असं: पत्ता जसा दिला तसाच साठवायचा आणि तसाच मेलसाठी वापरायचा, जुळवताना मात्र दोन्ही बाजू स्मॉल करायच्या. जीमेल पत्त्यातले टिंबही मोजत नाही, पण तो जीमेलचा घरचा कायदा. दुसऱ्या सेवेत टिंबवाला आणि बिनटिंबाचा ही दोन वेगळी माणसं असू शकतात. तिथे हात लावायचा नाही.

कामाचा क्रम महत्त्वाचा. लोअर लावलेल्या पत्त्यावर युनिक इंडेक्स करायला गेलं तर एकाच पत्त्याच्या अशा जोड्या असेपर्यंत पोस्टग्रेस नकार देतो. ‘कन्करंटली’ (टेबलमधलं लिखाण न थांबवता) लिहून केला आणि मध्येच फसला, तर ‘इनव्हॅलिड’ शिक्क्याचा इंडेक्स मागे उरतो. तो आधी काढून टाकावा लागतो. म्हणून आधी बॅकअप, मग नवीन नोंदणी तात्पुरती बंद, मग स्मॉल केलेल्या पत्त्यावर ग्रुप करून एकाहून जास्त रो असलेले पत्ते काढले. जुनं खातं ठेवायचं, नव्यातली कागदपत्रं त्याच्या आयडीवर वळवायची, नव्याची सेशन्स, म्हणजे चालू लॉगिन, तोडायची. एकत्र करायच्या फक्त अशाच जोड्या, जिथे दोन्ही खात्यांची मेल-पडताळणी झालेली आहे. पडताळणी न झालेलं खातं भलत्याच माणसानेही उघडलेलं असू शकतं. शेवटी इंडेक्स. आणि डेटाबेसला विचारलेल्या प्रत्येक क्वेरीतही लोअर लिहायला हवं, नाहीतर हा इंडेक्स वापरलाच जात नाही आणि प्रत्येक लॉगिनला सगळं टेबल चाळलं जातं.

पासवर्ड रीसेटचा कोड त्या निमित्ताने उघडला आणि पोटात गोळा आला. खातं शोधल्यावर लिंक जात होती ती साठवलेल्या पत्त्यावर नाही, फॉर्ममध्ये टाइप केलेल्या पत्त्यावर. इंग्रजी अक्षरांपुरतं हे खपतं. पण तुर्कीत टिंब नसलेला आय आहे, आणि युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या तक्त्यात, त्याचं कॅपिटल म्हणजे आपला नेहमीचाच कॅपिटल आय. तुलना कॅपिटल करून होत असेल, तर बिनटिंबाच्या आयचा पत्ता खऱ्या पत्त्याशी जुळतो आणि लिंक चोराच्या मेलबॉक्सात जाते. २०१९ मध्ये जँगो या वेबसाइट बनवण्याच्या फ्रेमवर्कमध्ये याच जातीचं भोक बुजवावं लागलं होतं. आम्ही लिंक डेटाबेसमधल्या पत्त्यावर वळवली.

युजरनेमचं प्रकरण वेगळं, कारण त्याला जगभर लागू असं मानक नाही. ज्याची प्रणाली त्याचा नियम. लिनक्स भेद करतो, विंडोज करत नाही. लोकांना दिसणारं नाव असेल तर भेद करूच नये, नाहीतर फक्त एक अक्षर मोठं करून कुणीही दुसऱ्याचं सोंग घेईल. आम्ही तिथेही ईमेलसारखाच इंडेक्स लावला, चौकटीचं ऑटोकॅपिटलाइज (आपोआप मोठं अक्षर) बंद केलं आणि टोकाच्या स्पेस छाटल्या.

संध्याकाळी पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, तपासताना दिसलं की छाटून स्मॉल करणारं फंक्शन फॉर्मच्या सगळ्या चौकटींना लागलंय, पासवर्डसकट. तसंच लाइव्ह गेलं असतं, तर ज्यांच्या पासवर्डात एक जरी कॅपिटल आहे ते सगळे मंगळवारी बाहेर.