द्राक्षं वर, पोल्का खाली

अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये कार्यक्रमांसाठी ध्वनी आणि मंचाची जोडणी करतो. कामांच्या यादीत एक काम दर ऑक्टोबरात ठरलेलं असतं, स्लोव्हेनी लोकांची 'विन्स्का त्रगातेव', म्हणजे द्राक्षतोडणीचा सण. सभागृहाच्या छतापासून खाली खरी द्राक्षं टांगायची, त्यांच्याखाली चार तास पोल्का नाचायचा आणि द्राक्ष चोरताना सापडेल त्याला दंड करायचा. मी मूळचा तासगावचा. त्यामुळे द्राक्ष टांगायचं काम आपल्याला जमणारच, असा माझा सुरुवातीला समज होता. बागेतली द्राक्षं आणि नाचणाऱ्यांच्या डोक्यावरची द्राक्षं यांच्यात किती अंतर आहे, ते एका शनिवारी नीट कळलं. सभागृहाचं नाव सांगत नाही.

आधी ही माणसं इथं कशी आली ते थोडक्यात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी स्लोव्हेनी शेतकरी आणि मजूर इथल्या पोलाद आणि तारेच्या कारखान्यांत कामाला आले. सेंट क्लेअर अव्हेन्यूच्या आसपास त्यांची वस्ती उभी राहिली. स्लोव्हेनियाबाहेरची त्यांची सर्वांत मोठी वस्ती म्हणून क्लीव्हलंड परिसराचं नाव घेतलं जातं. कारखान्यात हात तुटला किंवा माणूस गेला तर घर चालवायला कोणी नसायचं, म्हणून त्यांनी परस्पर विम्याच्या संस्था काढल्या. 'केएसकेजे' १८९४ सालची आणि 'एसएनपीजे' १९०४ सालची. या संस्थांच्या शाखांनी आणि सभासदांनी पैसे घालून वस्तीवस्तीत 'दोम' बांधले. दोम म्हणजे घर. सेंट क्लेअरवरचा मोठा राष्ट्रीय दोम १९२४ सालचा आहे. अशा वास्तूत मंच, सज्जा, तळघरात स्वयंपाकघर आणि बार असतो. आणि मधोमध मेपल लाकडाची नाचाची जमीन असते. बाकी सगळं त्या जमिनीसाठी आहे, हे डोक्यात ठेवलं की काम सोपं जातं.

आता तारा. सभागृहाची रुंदी १२ मीटर. ३ मिलिमीटरच्या गॅल्व्हनाइज्ड तारेच्या आठ ओळी, एका ओळीत २० घड. एक घड साधारण ४५० ग्रॅमचा धरला तर ओळीला ९ किलो, वर कागदी पानं आणि छोट्या दिव्यांची माळ धरून १० किलो. वजन किरकोळ वाटतं, पण फसवणूक तिथंच होते. तार जितकी ताठ, तितकी भिंतीवरची ओढ जास्त. मध्यभागी ३० सेंटिमीटर झोळ ठेवला तर १० किलोच्या भाराला आडवी ओढ साधारण ५० किलो येते. झोळ १५ सेंटिमीटरवर आणला की १०० किलो. 'दिसायला छान सरळ हवी' म्हणून कोणी टर्नबकल, म्हणजे तार ताणायचा पेच, पिळत पिळत झोळ ५ सेंटिमीटरवर नेला, तर तीच ओढ ३०० किलोंच्या घरात जाते. जुन्या इमारतीच्या प्लास्टरमध्ये ठोकलेला आयबोल्ट, म्हणजे डोक्याला कडी असलेला बोल्ट, एवढी ओढ सहन करत नाही. गिलाव्याचा तुकडा घेऊनच बाहेर येतो. म्हणून बोल्ट सज्जाच्या तुळईत किंवा खांबातच घ्यायचे आणि झोळ ३० सेंटिमीटरच ठेवायचा. सजावट समितीला झोळ आवडत नाही. त्यांना सांगायचं, वेलीला झोळ असतोच.

तारेच्या टोकाला क्लिपा लावताना हमखास होणारी चूक म्हणजे क्लिप उलटी लावणं. क्लिपचं खोबणीचं खोगीर भार घेणाऱ्या तारेवर बसायला हवं आणि यू-बोल्टची कमान दुमडून आलेल्या मोकळ्या टोकावर. उलटं झालं तर कमान भाराची तारच चेपते. या तारेला दोन क्लिपा पुरतात, मी तीन लावतो, कारण खाली माणसं असतात. घडाचं खालचं टोक जमिनीपासून साधारण सव्वादोन मीटरवर. त्याहून खाली आलं तर उंच पोरांच्या डोक्याला घड लागतात. त्याहून वर गेलं तर आज्जींचा हात पोचत नाही आणि चोरीच होत नाही. चोरी झाली नाही तर दंड नाही, आणि दंडातूनच सभागृह तापवणाऱ्या बॉयलरचा खर्च निघायचा असतो.

द्राक्ष कोणतं, हा माझ्या गावचा विषय. ईरी सरोवराच्या काठावर कॉन्कॉर्ड जातीचं द्राक्ष भरपूर पिकतं, हंगामही नेमका तोच, वासही घमघमाट. पण पिकलेल्या कॉन्कॉर्डचा मणी देठ सोडतो. आपल्याकडे ज्याला मणीगळ म्हणतात, ती नाचाच्या जमिनीवर झाली की प्रत्येक मण्यामागे एक घसरगुंडी. थॉम्सनही मणी गाळतं, हे तासगावच्या माणसाला सांगायला नको. मग उरतं ते मोठ्या मण्याचं लाल रेड ग्लोब. चवीला साधं, पण देठ घट्ट धरून राहतं. पेटी आठ-सव्वाआठ किलोची येते. १६० घडांना नऊ पेट्या लागतात, पण फुटलेले, मऊ पडलेले घड काढून टाकावे लागतात म्हणून अकरा मागवायच्या. दुकानच्या घडाला काडीचा तुकडा नसतो, नुसता देठ. सुती दोरी देठाच्या अगदी टोकाला बांधली तर निसटते. पहिल्या फांदीच्या खालून एक वेढा घेऊन गाठ मारायची. नायलॉनची दोरी देठ कापते.

त्या शनिवारी पेट्या सकाळी अकराला यायच्या होत्या, आल्या दुपारी चारला. ट्रक थेट शीतगृहातून आलेला. घड २ अंशांवर, हातात धरले तर बोटं बधिर. पाचला दारं उघडणार, सहाला जेवण, साडेसातला नाच. आम्ही चौघांनी दोन शिड्यांवरून सव्वाचारला टांगायला सुरुवात केली आणि पाच वाजून वीस मिनिटांनी शेवटचा घड बांधला. वेळेत झालं म्हणून आम्ही खूश होतो. तेवढ्यात सभागृहाच्या एका काकांनी रिवाजाप्रमाणे जमिनीवर नाचाचं मेण भुरभुरलं. हे पॅराफिनचे बारीक कण असतात. जोडीला टाचेवर गिरकी घेता यावी म्हणून टाकतात. काही ठिकाणी मक्याचं पीठ वापरतात.

सहा वाजता अडीचशे माणसं बसली. तळघरातून सॉसेज आणि आंबट कोबीची पातेली वर आली. क्रान्स्का क्लोबासा म्हणजे क्रान्स्का भागातलं डुकराच्या मांसाचं धुरी दिलेलं सॉसेज. ते उकळत्या पाण्यात कधी टाकायचं नाही, आतडं फुटतं आणि चरबी पाण्यात जाते. उकळी बंद करून गरम पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं. सोबत मोहरीची चटणी आणि किसलेलं हॉर्सरॅडिश, एक झणझणीत मूळ, जे आपल्या नाकाला मोहरीच्या तेलाची आठवण देतं. शेवटी पोतित्सा. यीस्टच्या पिठाची पोळी मोठ्या कापडावर लाटून त्यावर अक्रोडाचं सारण पसरतात, कापडाच्याच आधारानं गुंडाळतात आणि भाजतात. स्वयंपाकघर चालवणाऱ्या 'तेता', म्हणजे काकू, एकदा म्हणाल्या होत्या की काप केल्यावर गुंडाळीत पोकळी दिसली तर बाई घाईत होती असं समजायचं. गुंडाळताना हवा अडकते, ती सुईनं टोचून काढली नाही की भाजताना थर सुटतो. सारण गरम असताना पसरलं तरी तेच.

साडेसहाला मी आवाज तपासायला जमिनीवर गेलो तर बुटाखाली चर्र झालं. वर पाहिलं. सगळे घड घामाजलेले, प्रत्येक मण्याखाली थेंब.

कारण साधं आहे. सभागृहात २४ अंश तापमान आणि साठ टक्के आर्द्रता असेल तर १६ अंशांखालच्या कोणत्याही वस्तूवर हवेतली वाफ पाणी होऊन बसते. घड २ अंशांवर होते. त्यात अडीचशे माणसांचा श्वास आणि कोबीच्या पातेल्यांची वाफ. घड सकाळी आले असते तर रिकाम्या, कोरड्या सभागृहात पाच-सहा तासांत ऊबदार होऊन कोरडे झाले असते. आता थेंब मेणावर पडत होते. मेण पाण्यात विरघळत नाही, ओल्या लाकडावर पसरतं. कोरड्या जमिनीवर गिरकीला मदत करणारं तेच मेण ओल्या जागी पाय पळवतं. पोल्कात जोडपी सभागृहाभोवती घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतात. आठही तारा भिंतीपासून भिंतीपर्यंत, म्हणजे प्रत्येक जोडपं एका फेरीत सोळा वेळा थेंबांखालून जाणार. नाचणाऱ्यांत सत्तरी ओलांडलेले निम्मे.

पहिली सूचना आली ती ओल्या फडक्यानं पुसायची. ती थांबवली, त्यानं मेणाचा लेप झाला असता. कोरडे सुती टेबलक्लॉथ मागवले आणि फक्त टिपून घेतलं, घासलं नाही. मग चार मोठे पंखे जमिनीवर ठेवून तोंडं वर तारांकडे केली. हवा खेळली की घड लवकर कोमट होतो आणि पाणीही उडतं. तिसरी गोष्ट लोकांना पटत नव्हती: समोरासमोरची दोन दारं उघडायची. बाहेर ८ अंश. 'थंडीनं आणखी पाणी सुटेल' असं सगळ्यांना वाटतं. पण ८ अंशांच्या हवेत वाफ फारशी मावतच नाही. ती आत येऊन तापली की कोरडी हवा होते. वीस मिनिटांत नवे थेंब धरायचे थांबले. लोकांनी कोट चढवले, कुरकुर केली, वाईनचा खप वाढला.

तरी साडेसात वाजता नाच सुरू करणं शक्य नव्हतं. मग 'झुपान' मदतीला आले. या सणात गावचा महापौर, म्हणजे झुपान, असतो, त्याची बायको 'झुपान्या', निळे एप्रन घातलेले द्राक्षमळ्याचे राखणदार आणि दोन पोलीस. लाकडी पट्ट्यांचा तुरुंगही असतो. एरवी हे न्यायालय नाचाच्या मधल्या सुटीत भरतं. झुपाननी ते आधीच भरवलं. अडचण एवढीच की अजून कोणी चोरी केली नव्हती. पहिला आरोप त्यांनी द्राक्षांवरच ठेवला: परवानगीशिवाय रडणं. वकील म्हणून मला उभं केलं. मी वाफेचं गणित सांगितलं, ते ऐकून दंड दुप्पट झाला. पन्नास मिनिटं निघाली.

त्या वेळात मी आवाजाकडे वळलो. त्यांचं बटणांचं अकॉर्डियन, 'फ्राइटोनारित्सा', भाता दाबताना एक सूर देतं आणि ओढताना दुसरा. उजव्या बाजूला सूर, डाव्या बाजूला 'हेलिकॉन' बास, जो आकाराच्या मानानं भलताच दणदणीत. गणपतीची सवय असलेला आपला माणूस इथं बास वाढवायला जातो आणि सगळं चिखल होतं. मी दीडशे ते अडीचशे हर्ट्झमध्ये कमीच करतो. डावी बाजू भात्याबरोबर हलत राहते, म्हणून स्टँडवरचा माइक तिकडे चालत नाही, वाद्यावरच चिमटा लावायचा. आतल्या सुरांच्या पट्ट्या मुद्दाम किंचित विसुरात लावलेल्या असतात, त्यातून ती थरथर येते. त्यावर वरून घुमारा चढवू नये, सभागृह स्वतःच घुमतं. मेपलवर वाजवणाऱ्यांना पायांची दाद ऐकू यायला हवी, म्हणून मंचावरचे मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेले स्पीकरही हळू. पोल्काचा राजा म्हणवला गेलेला फ्रँकी यांकोविच याच शहराच्या कॉलिनवूड भागात वाढला. इथल्या म्हाताऱ्यांच्या कानाला आवाजातली खोट लगेच कळते.

आठ वाजून वीस मिनिटांनी झुपान माइकवर म्हणाले, 'मिद्वा प्लेशेवा', आणि झुपान्याचा हात धरून उतरले. याचा अर्थ 'आपण दोघं नाचतो', पण 'दोघं' क्रियापदातच आहे. शाळेत संस्कृतच्या तासाला ज्या द्विवचनानं छळलं, ते या भाषेत आजही रोजच्या बोलण्यात जिवंत आहे. अडीचशे माणसांसमोर त्यांनी क्रियापद मात्र दोघांपुरतंच वापरलं. पहिली फेरी त्या दोघांनीच घेतली, मुद्दाम कडेकडेनं, टाच टेकवून जमीन तपासत. तिसऱ्या तारेखाली थांबले, खाली पाहिलं, मान हलवली. मग बाकीचे उतरले.

त्या रात्री कोणी पडलं नाही. दोन पोल्का, एक वॉल्ट्झ, असा क्रम साडेअकरापर्यंत चालला. चोऱ्या भरपूर झाल्या, बहुतेक वॉल्ट्झमध्ये, कारण तेव्हा वर बघायला सवड असते. शेवटी उरलेले घड सगळ्यांनी मिळून तोडले. तोडताना मात्र मणी सांडलेच, ते पुठ्ठ्यानं गोळा केले. झाडूनं लोटले तर चिरडतात आणि रसाचा डाग मेपलच्या सांध्यात शिरतो.

आता करारात एक ओळ वाढवली आहे: घड नाचाच्या आधी किमान आठ तास सभागृहात हवेत, नाहीतर ते टांगायचे नाहीत, नुसती कागदी पानं. मेण जेवणानंतर टाकायचं. तारा उतरवत नाही. टर्नबकल चार फेरे सैल करून ठेवतो, कारण ११ नोव्हेंबरच्या आसपास मार्टिनोवान्ये असतं. त्या दिवशी द्राक्षाच्या रसाची वाईन झाली असं मानून ती आशीर्वादली जाते. त्याला वर फक्त पानं लागतात.