शिकार न करणाऱ्याचा शिकारी लेखक

शिकारीचे लेखन हे बढाईला मोकळे रान देणारे लेखन आहे. सावज मेलेले असते, साक्षीदार असलाच तर तो पगारी वाटाड्या असतो आणि अंतर मोजायला टेप घेऊन कोणी गेलेले नसते. त्यामुळे दीडशे यार्डांवर पडलेला मेंढा दुसऱ्या खेपेच्या सांगण्यात अडीचशे यार्डांवर जातो आणि दहाव्या खेपेला चारशेवर उभा राहतो. अशा प्रांतात हयात घालवूनही ज्यांच्या शब्दावर विसंबावेसे वाटते असे लेखक थोडे, आणि त्या थोड्यांत माझ्या लेखी पहिला मान अमेरिकेच्या जॅक ओकॉनर यांचा आहे. मी शिकार केलेली नाही, करण्याची इच्छाही नाही, आणि रायफलीचा चाप माझ्या बोटाला ठाऊक नाही. तरीही रायफलीच्या दस्त्याचे, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या भागाचे, लाकूड कोणते असावे यावरचा त्यांचा मजकूर मी ज्या गोडीने वाचतो, त्या गोडीने पुष्कळशा नावाजलेल्या कादंबऱ्याही माझ्याकडून वाचून होत नाहीत. या आवडीचे कारण विषयात नाही हे उघड आहे; ते लिहिण्याच्या रीतीत शोधायला हवे.

ओकॉनर यांचा जन्म २२ जानेवारी १९०२ रोजी ॲरिझोनात झाला. ॲरिझोना तेव्हा राज्य नव्हते, नुसता प्रदेश होता, आणि त्याला राज्याचा दर्जा मिळायला अजून १० वर्षे होती. आईवडील वेगळे झाल्यावर आईच्या वडिलांचा हात धरून हा मुलगा रानात गेला आणि शिकारीचे पहिले धडे त्याला आजोबांकडून मिळाले. पुढे इंग्रजी आणि पत्रकारिता हे विषय त्यांनी महाविद्यालयांतून शिकवले आणि तूसॉनच्या ॲरिझोना विद्यापीठात ते पत्रकारितेचे प्राध्यापक झाले. १९३० आणि १९३८ मध्ये त्यांच्या दोन कादंबऱ्या निघाल्या. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो, कारण बंदुकीवर लिहिणारे बहुतेक जण बंदुकीकडून लेखनाकडे आलेले असतात. ओकॉनर वाक्याकडून बंदुकीकडे आले होते. ‘आउटडोअर लाइफ’ या मासिकाच्या शस्त्रविभागाचे संपादकपद त्यांच्याकडे १९४१ मध्ये आले आणि १९७२ पर्यंत, म्हणजे तब्बल ३१ वर्षे, ते त्यांच्याकडे राहिले.

एकतीस वर्षे दरमहा बंदुकीविषयी लिहायचे म्हणजे काय, याचा विचार केला की मला धडकी भरते. या विषयाचा आवाका मुळात केवढा? एक नळी, एक चाप, एक दस्ता, वर एक दुर्बीण आणि आत एक काडतूस. वाचकांचे प्रश्नही ठरलेले: हरणासाठी कोणती रायफल घ्यावी, दुर्बीण किती पटीची असावी, झाडाच्या फांदीला लागून गोळी वळते का. दुसरा कोणी असता तर पाचव्या वर्षी त्याने जुने लेख फिरवून छापले असते किंवा दर महिन्याला एका नव्या काडतुसाची आरती ओवाळली असती. ओकॉनर यांनी प्रश्न तेच ठेवले आणि उत्तरात प्रत्येक वेळी एखादा प्रत्यक्ष पाहिलेला प्रसंग आणला: अमुक डोंगर, अमुक वारा, अमुक अंतर, गोळी कुठे लागली, आणि हुकली असेल तर का हुकली. स्वतःचे हुकलेले नेम ते ज्या मोकळेपणाने लिहितात, त्यामुळे त्यांचे लागलेले नेम खरे वाटतात. त्यांचा विनोद कोरडा आहे. दुसऱ्याला चिमटा काढण्याआधी ते स्वतःला काढून घेतात.

त्यांचे नाव ‘.२७० विंचेस्टर’ या काडतुसाशी कायमचे जोडले गेले आहे. हे काडतूस त्यांनी शोधले असा काहींचा समज असतो, पण तसे नाही. विंचेस्टर कंपनीने ते १९२५ मध्ये बाजारात आणले, तेव्हा ओकॉनर तेवीस वर्षांचे होते. लष्करी ‘.३०-०६’च्या घराण्यातल्या पितळी कवचाची मान आवळून त्यात ०.२७७ इंच व्यासाची बारीक गोळी बसवायची, अशी ही रचना आहे. तिची १३० ग्रेनची, म्हणजे सुमारे साडेआठ ग्रॅम वजनाची, गोळी सेकंदाला ३००० फुटांहून अधिक वेगाने सुटते. या वेगाचा उपयोग काय, हे ओकॉनर यांनी ज्या पद्धतीने समजावले, तो माझ्या मते तांत्रिक लेखनाचा नमुना आहे आणि तो थोडा सविस्तर सांगण्याजोगा आहे.

नेम धरणाऱ्याची नजर सरळ रेषेत जाते, पण गोळी कधीच सरळ जात नाही. नळीतून सुटल्या क्षणापासून गुरुत्वाकर्षण तिला खाली ओढू लागते, म्हणून दुर्बिणीच्या मानाने नळीचे तोंड किंचित वर उचललेले असते. गोळी त्यामुळे नजरेच्या रेषेखालून निघते, तिला छेदून वर चढते, काही अंतर वरून जाते आणि पुन्हा छेदून खाली उतरते. ओकॉनर यांचा सल्ला असा, की १०० यार्डांवर कागदी लक्ष्य लावावे आणि गोळी मध्यबिंदूच्या ३ इंच वर लागेल अशी दुर्बीण जुळवून घ्यावी. असे केले म्हणजे .२७० ची गोळी दीडशे यार्डांच्या आसपास रेषेच्या साडेतीन इंच वर असते, पावणेतीनशे यार्डांच्या सुमारास रेषेवर परत येते आणि ३०० यार्डांवर दोनेक इंच खाली गेलेली असते. रानमेंढ्याच्या छातीतला हृदय आणि फुप्फुसांचा भाग आठ-दहा इंच उंचीचा असतो. याचा अर्थ, जनावर शंभर यार्डांवर असो वा तीनशे, नेम छातीच्या मध्यावर धरावा आणि चाप ओढावा; धाप लागलेली असताना, बोटे गारठलेली असताना, डोंगराच्या उतारावर पोटावर पडून आकडेमोड करण्याची पाळी माणसावर येत नाही.

या तीन इंचांत मला त्यांचा सगळा स्वभाव दिसतो. भौतिकशास्त्र त्यांनी टाळलेले नाही, पण ते घरच्या टेबलावर उरकून घेतले आणि रानात जाताना माणसाच्या हाती फक्त एक सोपा नियम दिला. प्रयोगशाळेतल्या अचूकपणापेक्षा थकलेल्या माणसाला पाळता येईल असा अचूकपणा त्यांनी मोठा मानला. अवघड विषयावर लिहिणाऱ्या किती जणांना हा फरक उमगतो, कोण जाणे!

दस्त्याविषयी मी वर म्हटलेच आहे. ओकॉनर यांची सर्वांत प्रसिद्ध रायफल म्हणजे विंचेस्टरची ‘मॉडेल ७०’. तिला दस्ता घडवून दिला तो वॉशिंग्टन राज्यातील स्पोकॅनचे कारागीर अल बीसेन यांनी. अक्रोडाचे दाट रेषांचे लाकूड, गालाला टेकणारी वरची कड जवळजवळ सरळ, मुठीवर आणि पुढच्या पकडीवर बारीक चौकटींची कोरीव जाळी, आणि त्यापलीकडे काही नाही: ना पांढऱ्या तुकड्यांची जडणघडण, ना फुगीर वळणे. ती जाळी शोभेची वाटते, पण घामाने किंवा पावसाने ओला झालेला हात तिच्यामुळे घसरत नाही. लाकडाची एक खोडही असते. दमट हवेत ते फुगते, उन्हात आकसते, आणि नळीला चिकटलेला दस्ता असा हलला की तो तिला एका बाजूला रेटतो. मग काल बरोबर जुळवलेली रायफल आज दोन इंच डावीकडे मारते. एखादी वस्तू सुंदर असण्यासाठी तिने काम चोख केले पाहिजे आणि चोख काम करणाऱ्या वस्तूने कुरूप असण्याचे कारण नाही, ही त्यांची अभिरुची मला फार मानवते. पुढे प्लास्टिकचे आणि फायबरचे दस्ते आले, ते हवामानाला दाद देत नाहीत, हे सगळे खरे. पण त्यांच्यावर कोणी लळा लावून पाने भरली आहेत असे माझ्या वाचनात आलेले नाही.

ओकॉनर यांच्याबद्दल लिहायचे आणि एल्मर कीथ यांचे नाव घ्यायचे नाही, हे शक्य नाही. कीथ वयाने तीन वर्षांनी मोठे, आयडाहोतल्या सॅमन गावचे, रांगडे, भल्यामोठ्या हॅटचे, आणि जड, जाड, संथ गोळीचे कट्टर कैवारी. ‘.४४ मॅग्नम’ हे पिस्तुलाचे काडतूस १९५० च्या दशकाच्या मध्यावर बाजारात आले, त्यामागे त्यांचा अनेक वर्षांचा पाठपुरावा होता. ओकॉनर यांची हलकी, वेगवान गोळी त्यांना मोठ्या जनावरासाठी पोरखेळ वाटे. ओकॉनर यांचे म्हणणे असे, की गोळी केवढी आहे यापेक्षा ती कुठे लागते याला किंमत आहे, आणि जी रायफल खांद्याला जबर दणका देत नाही तिने माणूस नेम अधिक चांगला धरतो. कौतुक असे की १९४८ मध्ये ओकॉनर कुटुंबासह आयडाहोतल्याच लुइस्टनला राहायला गेले, म्हणजे हे दोन्ही भांडखोर एकाच राज्याचे रहिवासी झाले. वाचकांचे दोन तट पडले आणि ते आजही पुरते मिटलेले नाहीत. मी साहजिकच ओकॉनर यांच्या बाजूचा आहे, पण कीथ नसते तर त्यांच्या युक्तिवादाला एवढी धार आली नसती हेही कबूल केले पाहिजे. शिवाय ओकॉनर .२७०चे आंधळे भक्त नव्हते. .३०-०६ची त्यांनी मनापासून तारीफ केली आहे, आणि त्यांच्या पत्नी एलेनॉर तर त्याहून सौम्य अशा ७×५७ माउझर काडतुसाच्या रायफलीने आफ्रिकेपर्यंत शिकार करून आल्या. नवऱ्याच्या सिद्धान्ताला याहून चांगला पुरावा कोणी दिला नसेल.

त्यांच्या लेखनाचा गाभा मात्र रायफल नव्हे, रानमेंढा आहे. उत्तर अमेरिकेतले शिकारी चार प्रकारचे रानमेंढे मानतात: अलास्का आणि युकॉनकडचा पांढरा डॉल, त्याच्या दक्षिणेचा करडा स्टोन, रॉकी पर्वतातला बिगहॉर्न आणि ॲरिझोना आणि मेक्सिकोतल्या सोनोराच्या कोरड्या डोंगरांतला वाळवंटी बिगहॉर्न. ओकॉनर या चारांच्याही मागे गेले, पण जीव जडला तो मेंढा जिथे राहतो त्या जागांवर. त्यांच्या वर्णनात चाप ओढण्याचा क्षण दोन ओळींत संपतो. त्याआधी पाने भरून असते ते पाहणे. पहाटे कड्यावर बसून समोरच्या उतारावरचा खडक नि खडक दुर्बिणीने न्याहाळायचा, वारा कुठून कुठे वाहतो ते चाचपायचे, दिसलेल्या मेंढ्याच्या शिंगावरच्या वर्षावर्षाच्या कड्या मोजून त्याच्या वयाचा अंदाज घ्यायचा, आणि पुष्कळदा त्याला तसाच सोडून द्यायचा. पाळीव मेंढ्यांकडून आलेल्या रोगांनी रानमेंढ्यांचे कळप किती ठिकाणी संपले, हे ज्याने त्या डोंगरांत पायपीट केली आहे त्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

एवढे सगळे आवडूनही एक खडा दातांखाली येतोच. ओकॉनर यांनी भारतात येऊन वाघही मारले. ज्या वर्षी त्यांचे सदर संपले त्याच १९७२ साली आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा झाला, आणि त्या वर्षीच्या गणनेत देशात अवघे १८२७ वाघ भरले. तेव्हाच्या कायद्याने त्यांची शिकार गैर नव्हती, आणि वाघांची संख्या एका परदेशी पाहुण्यामुळे घटली असे म्हणणे हास्यास्पद होईल. तरी ती पाने मी भराभर उलटतो. दुसऱ्या बाजूने हेही मान्य करावे लागते, की अमेरिकेत १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या संवर्धनाकडे वळवला, आणि आज ११ टक्के असलेला तो कर प्रामुख्याने ओकॉनर यांच्या वाचकांसारख्या माणसांच्या खिशातून आला. ज्याने मारले त्यानेच राखण्याचा खर्चही उचलला, ही गोष्ट माझ्या सोयीच्या चौकटीत बसत नाही, आणि ती बसवण्याचा प्रयत्नही मी सोडून दिला आहे.

२० जानेवारी १९७८ रोजी, पंचाहत्तरावे वर्ष पुरे करून पुढच्या वाढदिवसाला दोन दिवस उरले असताना, हवाईहून परतीच्या प्रवासात बोटीवरच ओकॉनर यांचे निधन झाले. ‘आउटडोअर लाइफ’ सुटल्यावरही त्यांनी दुसऱ्या एका मासिकासाठी लिहिणे चालू ठेवले होते. लुइस्टनला स्नेक नदीच्या काठी त्यांच्या नावाचे संग्रहालय २००६ मध्ये उघडले आहे. त्यांच्या .२७० ची काडतुसे अजूनही बनतात, विकली जातात आणि दर काही वर्षांनी नव्या काडतुसाचे प्रचारक ती आता कालबाह्य झाल्याचे जाहीर करतात. आता हजार यार्डांवरून जनावर मारण्याच्या गोष्टी लिहिल्या जातात. अंतर लेझरने मोजलेले असते, वारा यंत्राने, आणि गोळीचे उतरणे हातातल्या पडद्यावर आलेले असते. अशा लेखात आकडे सगळे बरोबर असतात, पण मेंढ्याच्या अधिक जवळ का गेला नाहीत, या प्रश्नाचे उत्तर मला त्यात सापडत नाही. रायफल कधीही विकत न घेणारा मी, कोणी .२७० ला नावे ठेवली की वाद घालायला हटकून पुढे सरसावतो, आणि १०० यार्डांवर ३ इंच वर हा मुद्दा माझ्याकडे तयारच असतो.